उजव्या हाताचा मान

सातारा
१२ मे १९७४

प्रिय चंद्रा,

तुझं कार्ड आज मिळालं. पोस्टमन म्हणाला, "बाई, रेल्वेचा संप आहे, टपाल रेंगाळणारच." शिराळ्याकडची टपालाची पिशवी एस.टी.नं येते, हे मी त्याला सांगितलं नाही. बिचाऱ्याला संपाचा तेवढाच आधार.

'बेबीताईस' असं वरच वाचलं आणि चष्मा पुसावा लागला. चोपन्न वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारं आता तुझ्याशिवाय कोण उरलंय गं? पाचगणीच्या कॉन्व्हेंटातली ती मागची खोली आठवते का? तुझी आई भामाबाई कोळशाच्या इस्त्रीनं आमचे पांढरे झगे कडक करायची आणि तू तिच्या पायाशी बसून माझ्या पाटीवर अक्षरं गिरवायचीस. मराठीचे मास्तर आले की खिडकीखाली उभी राहून ऐकायचीस. आज तुझं अक्षर माझ्याहून देखणं आहे. अर्थात माझं कधीच देखणं नव्हतं. डावखुऱ्या मुलीच्या बोटांवर सिस्टर ॲग्नेसची पट्टी रोज पडायची, तरी मी त्यांची पाठ वळली की लेखणी डाव्या हातात घ्यायचे. हे पत्रही डाव्याच हाताचं.

आता कामाचं. तुझ्या सोपानचं सगळं मी पाटणकर वकिलांना सांगितलं. ते ह्यांच्या हाताखाली शिकले, हे गेल्यापासून दर रविवारी माझी विचारपूस करायला येतात. तुझ्याकडून काही घेणार नाहीत, तो विषय काढू नकोस.

त्यांनी समजावलं ते असं. कामावर इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची, असा कायदा आहे. पण भरपाई जखमेची नसते, गेलेल्या कमाईच्या ताकदीची असते. बोट तुटलं असतं तर सोपं होतं, तुटलेलं बोट कोणालाही दिसतं. सोपानचा हात दिसायला शाबूत. गिरणीच्या पट्ट्याच्या लोखंडी कडीनं मनगट आतून कापलं, ते शिवलं, भरून आलं. म्हणून गिरणीच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली की हात चालतो, माणूस पहिल्या कामाला योग्य आहे.

ऑगस्टमध्ये सांगलीला भरपाईच्या साहेबांपुढे सुनावणी आहे. त्यांनी ही चिठ्ठी मानली तर सोपानला पुन्हा त्याच हळदीच्या चक्कीवर उभं राहावं लागेल, नाहीतर नाव कमी. नाही मानली तर भरपाईही मिळेल आणि बसून करण्याचं काम मागता येईल. पाटणकर म्हणतात, मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांना हात दाखवा. लगेच जा.

हात दुखतो का गं त्याचा फार?

तुझी,
बेबी


वाडी, शिराळ्याजवळ
२६ मे १९७४

बेबीताईस चंद्राबाईचा रामराम.

तुमी इचारलं हात दुखतो का. दुखत न्हाई, तिथंच सगळा घोटाळा झाला.

गिरणीच्या हापिसात सोपानला बोलावलं व्हतं. मॅनेजर, त्येंचा डॉक्टर आन एक कारकून. टेबलावर पाना, हळकुंडाचं घमेलं, खाली पाण्याची बादली. डॉक्टर म्हणला, मूठ मीट. मिटली. उघड. उघडली. बादली उचल. उचलली. पाना फिरव. फिरवला. मग म्हणला, "दुखतंय का कुठं?" सोपान म्हणला, "न्हाई साहेब." संपलं. चिठ्ठी लिहून मोकळं.

मी म्हणलं, आरं मेल्या, दुखतंय म्हणायचं न्हाईस का? तर म्हणतो, "आये, दुखत न्हाई तर दुखतंय कसं म्हणू? आण्णानं खोटं बोलाया शिकवलं न्हाई." आण्णा म्हंजे आमचं मालक. जाऊन तीन वर्सं झाली तरी घरात त्येंचाच कायदा चालतो.

पर बेबीताई, दुखत न्हाई म्हंजे बरं हाय असं न्हाई. अंगठा आन त्याच्या शेजारची दोन बोटं, त्येंच्यात जीवच न्हाई. हालत्यात, पर कळत न्हाई. परवा चुलीपुढं बसून त्यो भाकरी सरकवत व्हता. अंबूला, म्हंजे माझ्या सुनंला, वास आला. बघती तर ह्येचा अंगठा तव्याला टेकलेला आन हा गडी तिच्याशी हसत बोलतोय. फोड आला तवा म्हणतो, "ह्यो कवा आला?" अंबू उठून मागल्या दारी गेली. तिथं रडली आसंल.

मिरजेला जाऊन आलो. ते डॉक्टर लय शांत मानूस. सोपानला डोळं मिटाया लावलं आन सुई टोचत गेलं. करंगळीला टोचलं तवा ह्यो "व्हय" म्हणला. मधल्या बोटाला टोचलं, गप. अंगठ्याला टोचलं, गप. रगताचा थेंब आला तरी गप. मी बघत व्हते. पोरगं डोळं मिटून वाट बघत व्हतं, टोचत्यात कवा म्हणून.

डॉक्टरांनी कागद दिलाय. म्हणलं, "मशीनवर ह्या हातानं काम करायचं न्हाई. पट्टा हात धरंल तरी ह्येला कळणार न्हाई."

इस्त्री तापली का ते आई ओल्या बोटानं बघायची, आठवतंय का? ते सारखं डोळ्यापुढं येतंय.

तुमची,
चंद्रा


सातारा
८ जून १९७४

प्रिय चंद्रा,

मिरजेचा कागद पाटणकरांना पोचला. त्यांचा चेहरा खुलला. "आता आपली बाजू उभी राहिली," म्हणाले.

तू सुईचं लिहिलंस आणि मला आपली आंधळी कोशिंबीर आठवली. सिल्व्हर ओकच्या झाडांखाली तुझे डोळे माझ्या रिबिनीनं बांधायचे, आणि तू नुसता हात चाचपून सांगायचीस, ही फ्लोरा, ही बेबी. एकदा सिस्टर ॲग्नेसच मध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि तू त्यांचा हात चाचपून म्हणालीस, "ही पट्टीवाली!" सगळ्या जणी पळाल्या, तू तशीच उभी. सिस्टर हसल्या होत्या, आठवतं? त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

आता दोन गोष्टी नीट ऐक.

पहिली. सुनावणी होईपर्यंत सोपाननं त्या हातानं चारचौघांत काही करायचं नाही. गिरणीवाले माणसं ठेवतात म्हणे. कोणी त्याला ऊस तोडताना किंवा गाडी हाकताना पाहिलं तर तेच साहेबांपुढे सांगतील. दिसलेलं लोक लवकर खरं मानतात.

दुसरी. त्याला डाव्या हाताची सवय लाव. जेवण सोडून सगळं डाव्यानं करू दे, आणि माझं ऐकशील तर जेवणही. मी पन्नास वर्षं करतेय, मला कुठल्या देवानं काही केलं नाही. पाटणकर म्हणतात, डाव्या हातानं शिकतोय हे साहेबांना आवडेल. कामचुकार नाही हे दिसतं.

आणि चंद्रा, पंचमी जवळ येतेय. आण्णांच्या मागे पहिला नाग उचलण्याचा तुमच्या घरचा मान सोपानकडे आला, हे तू मला केवढ्या अभिमानानं कळवलं होतंस. यंदा तो मान भावकीत कोणाला देता येणार नाही का? एका वर्षापुरता?

वाईट मानू नकोस.

तुझी,
बेबी


वाडी
२७ जून १९७४

बेबीताईस रामराम.

वाईट कशाला मानू? माझ्या मनात आधीच ते व्हतं.

पर मान द्यायचा म्हंजे काय, ते तुमाला सांगते. पंचमीला समदी वाडी देवळापुढं जमती. पायरीवर आमच्या घरचा गडी नाग हातात घिऊन उभा राहतो, बाया हळद-कुंकू लावत्यात, आरती हुती, मग बाकीचं नाग मडक्यातनं निघत्यात. आमच्यात त्यो साप न्हाई, भाऊ असतो. त्या दिशी तवा ठेवायचा न्हाई, इळी लावायची न्हाई, कुणाला इजा करायची न्हाई. आन त्यो बी करत न्हाई. आजवर एकाला डसलेला न्हाई.

आण्णा सोपानला शिकवायचं, "फूल धरल्यागत धरायचं. लय दाबलं तर त्येचा जीव जाईल, ते पाप. सैल सोडलं तर त्यो फिरंल. अंगठ्याखाली त्येचा श्वास कळला पायजे. कळला की सैल, न्हाई कळला की जरा घट." सोपान लहान असताना दोरीवर शिकायचा. दोरी डाव्या हातात दिसली की मी हातावर चापट मारायची. उजवा, उजवा. तुमची सिस्टर आन मी सारख्याच.

सोपानला म्हणलं, यंदा लालासाब उचलंल. लालासाब त्येचा चुलतभाऊ. ह्यो उठून भाईर गेला. पर लालासाबचं तोंड गप बसतंय व्हय? पारावर सगळ्यांपुढं म्हणला, "सोपाना, काळजी करू नगंस गड्या. तू आपली मडक्याची झाकणं धर. थोट्याला तेवढं जमंल."

सोपान घरी आला, जेवला न्हाई. हातच बघत बसला. अंबू म्हणली, "आवं, हात हाय की शाबूत. बोलणाऱ्याचं तोंड थोटं." त्यो हसला मग.

एक बरी गोष्ट झाली. पेपरवालं एक पाव्हणं आलं व्हतं, शेडबाळे म्हणून. गळ्यात कॅमेरा, बोलणं लय गोड, मधीच एखादा कानडी शब्द. पंचमीचा फोटो छापायचाय म्हणं. आण्णांचं नाव त्येंला ठावं व्हतं बघा. मी गूळ-पाणी दिलं, च्या केला. नाग कसा धरत्यात, कुठल्या हातात धरत्यात, सगळं इचारून घेतलं. सोपानला म्हणलं, "तुमच्याबिगर फोटोत मजा न्हाई."

लय दिसांनी पोरगं ताठ बसून बोललं.

चंद्रा


सातारा
६ जुलै १९७४

प्रिय चंद्रा,

घाईत दोन ओळी. ते शेडबाळे कोणत्या पेपरचे? तू नाव लिहिलं नाहीस. त्यांनी सोपानच्या हाताबद्दल काही विचारलं का? जखम दाखव म्हणाले का? नीट आठवून कळव.

मी म्हातारी झाले, मला हल्ली पाल चुकचुकली तरी दचकायला होतं. पण कळव.

बेबी


वाडी
१६ जुलै १९७४

बेबीताईस रामराम.

तुमी उगाच भ्यालाय. शेडबाळे देवमाणूस हायत. पेपर सांगलीचाच, नाव मी इचारलं न्हाई. पाव्हण्याला असं इचारतंय का कुणी? हाताचं त्येंनी काय बी इचारलं न्हाई. जखम बघितली बी न्हाई. मीच आपनहून सांगाया लागले तर म्हणलं, "जाऊ द्या मावशी, दुःखाचं कशाला बोलायचं?"

परवा परत आलं फटफटीवर. शिराळ्याच्या बाजारातनं अंबूला बांगड्या आणल्या. आण्णांचं नाव घालून फोटो छापणार म्हणलं. "अमुक यांचे चिरंजीव यांनी परंपरा राखली," असं खाली लिहिणार. सोपाननं ते माझ्याकडनं दोनदा म्हणून घेतलं.

आता खरं सांगते. सोपान नाग उचलणार हाय. पर डाव्या हातानं. तुमीच म्हणला व्हता डाव्याची सवय लाव. महिनाभर त्यो सांजच्याला ओढ्याकडं जातोय, मला वाटायचं मन रमवाया जातोय. डाव्या हातानं धरायला शिकलाय. काल एक धरून आणला, नव्या मडक्यात ठेवलाय, धामण न्हाई, चांगला फडीचा. मी बघितलं, डाव्या हातात कसा गरीब गाईवानी बसला व्हता. अंबूचं तोंड उतरलंय, पर तिला बी वाटतंय नवऱ्यानं पायरीवर उभं राहावं.

डाव्या हातानं केलं तर केशीला काय धोका न्हाई ना? उलट तुमी म्हणला तसं साहेबाला आवडंल.

त्येचं तोंड तुमी बघाया पायजे व्हतं बेबीताई. पट्ट्यात हात गेल्यापासनं ह्यो माझा सोपान नव्हताच. आता हाय.

पाऊस लागून राहिलाय. मडक्यातनं रातभर फुसफुस ऐकू येती. मला त्येची सवय हाय, पर यंदा झोप लागत न्हाई.

चंद्रा


सातारा
२३ जुलै १९७४, संध्याकाळ

चंद्रा,

पाटणकर आत्ताच सांगलीहून आले. त्यांनी सांगलीतल्या पेपरांच्या कचेऱ्यांत चौकशी केली. शेडबाळे नावाचा माणूस कुठेच नाही. पण गिरणीच्या ऑफिसच्या व्हरांड्यात फटफटीला टेकून, गळ्यात कॅमेरा घालून एक जण उभा होता. शिपाई त्याला शेडबाळे म्हणून हाक मारत होता.

त्यानं हाताबद्दल विचारलं नाही, कारण त्याला सगळं माहीत होतं.

उद्या सोपानला पायरीवर उभा करू नकोस. डाव्या हातानंही नाही. कॅमेऱ्यासमोर नाहीच नाही. लालासाहेबाला मान घेऊ दे, वाडीला हसू दे. मी आत्ता नोकराला तारघरात पाठवतेय. तार आधी पोचेल, पत्र मागून. तार एवढीच करतेय: 'सोपानला उद्या नाग देऊ नका. शेडबाळे गिरणीचा माणूस.'

माझ्या डाव्या हाताचं मी एवढं कौतुक कशाला सांगितलं गं तुला?

बेबी


सातारा
१ ऑगस्ट १९७४

प्रिय चंद्रा,

आठवडा झाला, तुझं पत्र नाही. रागावलीस का? तार मिळाली नाही हे मला कळलं आहे, कारण काल गिरणीचं उत्तर पाटणकरांकडे आलं आणि त्याच्यासोबत फोटो.

पाटणकरांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. मी कितीतरी वेळ बघत होते. सोपानला मी पाळण्यात पाहिलं होतं, त्यानंतर आज. देवळाची पायरी, मागे बायकांची गर्दी, तू त्याच्या शेजारी ताट घेऊन उभी. त्याचं हसू अगदी आण्णांचं. तुझ्या लग्नातल्या फोटोत ते असेच हसले होते. फेटाही काय शोभतोय! क्षणभर मी फिर्याद, गिरणी सगळं विसरले.

पण चंद्रा, नाग उजव्या हातात आहे.

गिरणीनं लिहिलंय, 'अर्जदार उजव्या हातानं जिवंत नाग धरू शकतो. ज्या हाताला नाग पेलतो त्याला चक्की पेलत नाही, हे म्हणणं हास्यास्पद आहे.' पाटणकरांनी पत्र वाचून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "बघू. मिरजेचे डॉक्टर स्वतः आले तर बघू."

मी तुझ्यावर रागावलेली नाही. सोपानवरही नाही. गर्दी, वाजंत्री, आरती, माणूस विसरतो. पण कसं झालं ते मला पाटणकरांना सांगायला हवं. डावा हात ठरला होता ना?

भिंग घेऊन पाहिलं. अंगठ्यावर दोन काळे ठिपके दिसतात, शेजारी शेजारी. बायकांचं कुंकू लागलेलं दिसतंय त्याला. तुम्ही पण काय ताटभर उधळता!

सोपानला माझा आशीर्वाद सांग. सुनावणी वीस तारखेला आहे. त्याला घेऊन दोन दिवस आधी इकडेच ये, मग पाटणकरांबरोबर सगळे सांगलीला जाऊ. माझी मागची खोली रिकामी आहे. तुझ्यासाठी मी लिंबाचं लोणचं घातलंय, भामाबाईंच्या पद्धतीचं.

दोन ओळी तरी लिही.

तुझी,
बेबी


वाडी
९ ऑगस्ट १९७४

बेबीताईस,

तेरावं झालं. आता लिहितीया.

तुमची तार पंचमीच्या दिशीच शिराळ्याच्या पोस्टात आली व्हती. आमचा पोस्टमन देवळापुढं लेझीम खेळत व्हता. दुसऱ्या दिशी घिऊन आला. दारात माणसं बसलेली बघून तार खिशात तशीच ठेवून बसला. सांजच्याला हातात दिली.

कसं झालं ते सांगते. वकिलांना सांगा.

सोपाननं नाग डाव्या हातातच घेतला व्हता. वाजत गाजत देवळापातुर डाव्याच हातात व्हता. पायरीवर चढला तवा पुजारी म्हणला, "देवापुढं डावा हात?" लालासाब मागनं वरडला, "उजव्यात दम न्हाई त्येच्या!" बाया हसल्या. शेडबाळे कॅमेरा डोळ्याला लावून म्हणला, "आण्णा कुठल्या हातात धरायचे?" त्येवढंच म्हणला.

तरी सोपान हलला न्हाई. डाव्याच हातात धरून उभा व्हता. माझ्याकडं बघत व्हता.

मी ताट घिऊन पुढं झाले. नागाला कुंकू लावायला बोट उचललं आन माझ्या तोंडातनं गेलं, "सोपाना, देवाचं हाय रं. उजव्यात घे." लहानपणी म्हणायची तसंच गेलं, इचार न करता. आन त्येनं लहानपणी ऐकायचा तसं ऐकलं.

फोटो निघाला. आरती झाली. नाग मडक्यात ठेवला. सोपान घरी आला, पुरणाची दिंडं खाल्ली. म्हणला, "आये, फोटो येईल गं आता." मग म्हणला डोळं जड झाल्यात. आमी म्हणलं, मडक्यापाशी रातभर जागलाय, नीज. भितीला टेकला. बोलणं जड झालं तवा लालासाब दारातनं म्हणला, "काय रं, मान मिळाल्याची पिऊन आलास व्हय?" सगळी हसली. ह्यो बी हसाया गेला, त्येचं तोंड उघडंना.

अंबू हात धुवाया पाणी घिऊन आली. उजव्या अंगठ्यावरची हळद धुतली आन तिनं मला हाक मारली न्हाई, नुसतं बघितलं.

डसला व्हता, बेबीताई. पायरीवरच डसला व्हता. दात रुतलं तवा ह्यो फोटोसाठी हसत व्हता. आमच्यात त्या दिशी त्यो डसत न्हाई, म्हणून कुणी हात बघितला न्हाई. आन सोपानला कळलंच न्हाई.

लालासाबनंच पाठीवर घेतला. ओढ्याला पाणी व्हतं, त्यातनं रडत रडत नेला. दवाखान्याच्या अलीकडं त्येला म्हणला, "गड्या, बोल की काय तरी. शिवी दे." पर त्यो गेला व्हता.

तुमी फोटोत बघितलं ते कुंकू न्हवं. कुंकू मी नागाच्या फडीला लावलं व्हतं. सोपानच्या अंगठ्याला न्हाई.

पाटणकर वकिलांना सांगा, फोटो परत देऊ नका. गिरणीनं आणलाय, गिरणीलाच साहेबापुढं ठेवू द्या. मिरजेच्या डॉक्टरांची सुई एकदाच टोचली व्हती, तवा मी एकटी बघत व्हते. आता ह्यो फोटो सगळ्यांनी बघावा. त्येंचा डॉक्टर म्हणला व्हता मूठ मिटती, उघडती. खरं व्हतं ते. शेवटपातुर मिटत व्हती, उघडत व्हती.

मानूस गेल्यावर दावा राहतो का, ते मला ठावं न्हाई. राहत आसंल तर अंबूसाठी राहू द्या. न्हाई राहिला तरी मी येणार. अंबू संगं येती. लालासाब बी येतो म्हणतोय, मी नगं म्हणले न्हाई.

मागची खोली झाडून ठेवा. लोणचं नगं.

साहेबापुढं हात वर करून शपथ घ्यावी लागती, असं इथं सांगत्यात. मी डावा वर करणार. साहेब म्हणंल, बाई, उजवा. मग त्येला सांगीन सगळं.

चंद्रा